फोटोखालची एकच ओळ

नंदाखाल गावातल्या त्या घरात दुपारी चारचं ऊन थेट येत नसे. केळीच्या पानांतून गाळलं जाऊन, किंचित हिरवट होऊन ते भिंतीवर उतरे, आणि त्या मंद प्रकाशात इनास सर चष्मा काढून माझ्या लॅपटॉपच्या पडद्याजवळ तोंड नेत. पडद्यावर कुणाच्या तरी ओटीवरचा जुना, डागाळलेला फोटो असे. सर लगेच बोलत नसत. आधी एक दीर्घ श्वास, मग जिभेचा हलकासा 'च्च', आणि मग नाव; तेही इतक्या सावकाश, की त्या माणसाला दारातून आत येऊन बसायला वेळ मिळावा. वाडीत पंपाची धडधड चालू असे. मी ओळ टाइप करून मान वर केली की ते पुढच्या फोटोकडे वळत.

सर गावच्याच शाळेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरी उलटलेली. घरोघर हिंडून त्यांनी भिंतींवरचे फोटो मोबाइलमध्ये टिपून आणले होते. त्यातले पुष्कळ चेहरे खुद्द त्या घरांनाही आता ओळखता येत नव्हते. नावं फक्त सरांच्या स्मरणात शिल्लक होती. "अगं शुभा, मी गेलो की ही सगळी नुसती माणसं होतील. कुणाची कोण, काही नाही," असं ते म्हणत, आणि स्वतःच हसत. म्हणून हे पुस्तक. मी जवळच गोखिवऱ्याला राहते, घरी बसून टायपिंगची आणि पानं लावायची कामं करते. आठवड्यातून दोनदा स्कूटर काढून त्यांच्याकडे जात असे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी कंटाळतच गेले होते. पुढे पुढे मात्र सोमवार आणि गुरुवारची वाट बघायला लागले. माझे स्वतःचे वडील मला फारसे आठवत नाहीत, हेही एक कारण असेल.

दीडशेच्या आसपास फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि मजकुरात जागोजागी 'चित्र अमुक पाहा'. हाताने आकडे घालत बसलं तर एक फोटो इकडचा तिकडे झाला की सगळा खेळखंडोबा. म्हणून मी त्या ओळींना आकडे आपोआप पडतील अशी व्यवस्था लावून दिली. मधला एक काढला तर पुढचे आपोआप एकेक आकडा अलीकडे सरकतात, मजकुरातले आकडेही बदलतात, हे मी त्यांना करून दाखवलं. सर लहान मुलासारखे खूश झाले.

"म्हणजे वर्गातून एक पोरगं उठून गेलं की पुढची सरकून बसतात म्हण की!"

"हो सर."

"आणि गेलेल्याचा नंबर?"

"तो पुढच्याला मिळतो."

"वा रे तुझा वर्ग," सर म्हणाले.

त्या ख्रिस्ती गावात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. सरांच्या आजोबांचं नाव इनास. त्यांच्या दोन मुलांना जे पहिले मुलगे झाले, ते दोघेही इनास. आमच्या गावीही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण कागदावर बहुधा दुसरंच चढतं. मला हे उमगायला हवं होतं. शेवटची पानं लावताना चाळिसावा आणि एकेचाळिसावा फोटो समोर आले: चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतानाचा पांढरा सदरा, हातात मेणबत्ती, मागे स्टुडिओचा तोच पडदा, आठ-नऊ वर्षांचा मुलगा, आणि दोन्हींखाली अक्षरशः तीच ओळ, 'इनास, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी'. मला वाटलं, एकाच मुलाचे दोन फोटो, आणि ओळ माझ्याच हातून दोनदा पडली. स्वतःच्या चोखपणावर खूश होत मी एक ओळ उडवली, दोन्ही फोटो शेजारी शेजारी बसवले, आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हे बघितलंही नाही, आणि त्याच नावाने फाइल सेव्ह करून टाकली. जुनी प्रत ठेवली नाही. फोटो लावून झाले की जागा करायला मोबाइलमधलेही काढून टाकायचे, ही सवयही सरांना मीच लावली होती.

त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

छापखान्यातून कच्ची प्रत आली ती मी पहिल्यांदा माणसासारखी वाचली. टाइप करणारी माणसं वाचत नाहीत हो, नुसती अक्षरं उचलतात. तो मजकूर मी चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या बोटांनी उतरवला होता आणि मला त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. सरांनी लिहिलं होतं की त्यांचा चुलतभाऊ, त्यांच्याच वयाचा, त्याच घरातला इनास, कम्युनियननंतरच्या पावसाळ्यात वाडीतल्या बावखलात बुडाला. काठोकाठ भरलेलं ते तळं, वर शेवाळाचा हिरवा थर, कुणाला कळलंसुद्धा नाही. 'नंतर कितीतरी दिवस काकी संध्याकाळी दारात उभी राहून त्याला हाक मारायची, आणि नाव तेच असल्यामुळे ओ मी द्यायचो. मी आलो की ती माझ्याकडे बघत राहायची. त्याचा हा एकच फोटो उरला आहे. त्याच्या चेहऱ्याखाली त्याचं नाव यावं, एवढ्यासाठी मी हे सगळं मांडलं. चित्र ४० मधला मी, आणि तो' आणि त्यापुढे, जिथे एकेचाळीस हा आकडा असायचा, तिथे ठळक इंग्रजी अक्षरांत यंत्राचा निरोप उमटला होता, की संदर्भाचं मूळ सापडत नाही. ते मूळ म्हणजे मी उडवलेली ओळ.

मी तशीच उठले, लॅपटॉप उचलला, स्कूटरला किल्ली लावली, आणि वाटेवरच्या पापडी गावापर्यंत पोचेस्तोवर आपण हेल्मेट विसरलोय हेही लक्षात आलं नाही.

सरांची मुलगी रीटा दार उघडून म्हणाली, "ताई, आत्ताच पेज पाजलीय, जागे आहेत." मी तिला ओटीवरच सगळं सांगितलं, रडत सांगितलं. तिने दोन्ही फोटो न्याहाळले. "मला नाही सांगता येणार. दोघंही पप्पांसारखेच दिसतात." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ज्या भिंतीवर ते फोटो होते तिथेही ती दुसऱ्या दिवशी जाऊन आली. दोन्ही तिच्याच धाकट्या आत्याच्या घरी एका चौकटीत होते, आणि आत्या त्या दोघांनंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेली.

त्या दुपारी आत जाऊन मी लॅपटॉप सरांच्या छातीशी धरला. पानांतून झिरपणारा तोच प्रकाश त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. उरलेला अर्धा आता हलतही नव्हता. "सर, माझं चुकलं," मी म्हणाले. "यातला तो कुठला?" त्यांनी खूप वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांचा डावा हात उठला, डावीकडच्या मुलावर टेकला, तिथे थांबला. मला वाटलं, मिळालं. पण हात तसाच सरकत उजवीकडच्या मुलावर गेला आणि तिथेही तितकाच वेळ राहिला. आधी 'हा मी' म्हणायचं होतं का त्यांना, आणि मग 'हा तो'? की आधी त्याला भेटून मग स्वतःकडे आले? "सर, पुन्हा एकदा दाखवा ना," मी म्हटलं. रीटाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, ताई. दमलेत." त्यांनी डोळे मिटले होते.

दुसरी संधी मला मिळाली नाही. चार दिवसांनी सर गेले.

सरांसाठी चर्चमध्ये होणाऱ्या महिन्याच्या मिस्सेपूर्वी पुस्तक यावं अशी रीटाची इच्छा होती. मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बसत असे. अंदाजाने एकाच्या खाली 'मी' आणि दुसऱ्याच्या खाली 'तो' लिहिणं अवघड नव्हतं, कुणालाही कळलं नसतं. पण ज्या नावांसाठी हा माणूस उन्हातान्हात घरोघर फिरला होता, तिथे मी अंदाज करू? शेवटी सरांच्या त्या वाक्यातले आकडे काढले, आणि दोन्ही फोटोंखाली मिळून लिहिलं: 'इनास आणि इनास, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी. ओळख या पुस्तकाची पानं लावणारीच्या हातून पुसली गेली.' रीटाने दुसरं वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

पुस्तकं आली त्या दिवशी आत्या ओटीवर बसून पानं उलटत होती. त्या पानाशी ती थांबली. वाकून दोन्ही चेहरे तिने जवळून पाहिले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "यातला गेलेला कुठला गं?"

रीटाने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न काय झाला, हे आत्याच्याही लक्षात आलं असावं. तिने पदर तोंडाला लावला. वाडीत पंप बंद झाला होता आणि उत्तर द्यायची कुणाला गरजच उरली नव्हती. दोघेही गेले होते, आणि त्या दोघांना वेगळं ओळखणारं या जगात जे एकच माणूस होतं, ते त्या दोघांतलंच एक होतं.