तुपावर घेतलेली गोळी

मेलेला माणूस काय बोलला, याची चौकशी आमच्या घरी सकाळच्या कॉफीबरोबर व्हायची. माझ्या सासूबाई, भवानीबाई, लोटा पुढे करून विचारायच्या, "शरत आलावता काय गं? काय म्हणाला?"

यायचा. खोटं कशाला बोलू? एचआयव्हीची माझी गोळी झोपताना घ्यायची असे. डोळा लागतो न लागतो तोच माझा नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा. त्यालाही हीच गोळी होती. बरं वाटायला लागलं म्हणून त्यानं मनानंच बंद केली, आणि गेला. मी मात्र एकही चुकवत नव्हते. मला जगायचं होतं हो!

एकदा सणाला ओब्बट्टू केले. पुरणपोळीला आम्ही म्हैसूरचे मराठे ओब्बट्टूच म्हणतो. तुपात बुडवून भरपूर खाल्ले आणि वर गोळी घेतली. त्या रात्री शरत पहिल्यांदा बोलला. "आईचा गुडघा अजून दुखतो काय?" अत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे सांगितलं तर त्या ढसाढसा रडल्या. गुडघा खरंच धरला होता, पण मला त्या कधी बोलल्या नव्हत्या.

झालं! बाईंनी तुपाचा डबा धरला तो धरलाच. सारात तूप, भातावर तूप. "खा गं, सुम्ने खा, गुमान. लेकरू बोलेल." अंगात आलेल्या बाईला विचारावं तसं मला विचारायच्या. मलाही तो हवाच होता की! मीही मुकाट्यानं खायची.

पुढे सकाळी उठवेना. भिंत धरून चालू लागले. कुवेंपुनगरच्या बसथांब्यावर चक्कर येऊन पडले. आणि शरत दर खेपेला जवळ सरकू लागला. पायथ्याचा उशाशी आला. एकदा कानाशी वाकून म्हणाला, "सुष्मा, ऊठ. चप्पल घाल. चल."

सकाळी जाग आली तेव्हा माझ्या पायांत चपला होत्या.

मी घाबरून तडक गोळ्या मिळतात ते एआरटी सेंटर गाठलं. तिथली नव्या नावाची समुपदेशक सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली. "अहो, ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची! तूप-तेलावर घेतली की अंगात जास्त उतरते. मग असली स्वप्नं पडतात, चक्कर येते. आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी रक्त तपासून नवी गोळी लिहून दिली. निघताना नव्या म्हणाली, "उरलेल्या जुन्या गोळ्या इथं परत आणा. दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत."

घरी सांगितलं तर अत्याबाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो आता यायचा नाही?"

"अत्याबाई, ते स्वप्न होतं. तो मला चल म्हणत होता!"

"मग माझ्या गुडघ्याचं त्याला कसं कळलं?"

मी तुपाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

नवी गोळी सुरू झाली आणि मी गाढ झोपले. शरत आला नाही. उठल्यावर थोडं रडले, पण डोकं हलकं होतं. मग एका सकाळी अत्याबाई स्वयंपाकघरात दिसल्या नाहीत. खोलीत जाऊन बघते तर बाई भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे लाल, मान डोलतेय. शेजारी माझ्या जुन्या गोळ्यांची बाटली. परत द्यायची राहून गेलेली.

"अय्यो! दुसऱ्याचं औषध घेतलंत? अक्कल आहे काय तुम्हाला?" मी किंचाळले. नव्याला फोन लावला. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आलावता."

"बोलू नका आता."

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं. तुझ्या खोलीकडे निघालावता." त्यांचा आवाज फुटला. "मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, सुष्मा आता या घरात राहत नाही. तू परत येऊ नकोस, बाळा."