हत्तीच्या पिशवीतलं नाव

आमच्या घरात माझ्या नावाचं काहीच नव्हतं. घर यजमानांच्या नावाचं, गॅस यजमानांच्या नावाचा, आणि रेशनकार्डावर मी नुसती बायको. मी कुरकुर केली की ते म्हणायचे, नाव काय चाटायचं आहे? ज्याचं नाव सगळीकडे असतं, त्याला असं बोलायला काय जातं! म्हणून चौऱ्याण्णव साली मद्रासच्या दुकानाने कळवलं, की प्रत्येक पिशवीत करणारीच्या नावाची पट्टी हवी, तेव्हा मी पंचावन्न वर्षांची बाई स्वयंपाकघरात एकटीच हसले.

पिशव्या माझ्या हातच्या. जुन्या सुती साड्यांचे पदर, मधे पातळ कापूस, आणि वर रंगीत कापडातून कापून लावलेलं जनावर. हत्ती, मुंगूस, खार, एखादी म्हैस. आमची आई बाळांच्या गोधड्यांवर असंच करायची. जनावर लावलं की त्याच्या कडेकडेने धावदोरा घालत बाहेर यायचं, विहिरीत खडा टाकल्यावर पाण्याची वळी पसरतात तसं. डोळा सगळ्यात शेवटी घालायचा.

मद्रासचं दुकान शोधलं ते लक्ष्मीप्रियाने. ही माझ्या भावाची मुलगी. भाऊ ओरत्तनाडूला तालुका कचेरीत, आणि आम्हाला मूल नाही, म्हणून ती सहावीपासून तंजावरला आमच्याकडेच वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या. हिंदीच्या खासगी परीक्षांनाही तिला मीच बसवलं. इथे हिंदी कशाला, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, तीच लिपी आपल्या मराठीचीही आहे, घरात एकीला तरी वाचता येऊ दे. कारण आम्ही सगळे बोलतो मराठी आणि वाचतो तमिळ. देवघरात आजेसासऱ्यांची मराठी पोथी आहे. तिला रोज हळदकुंकू वाहतो, उघडत कोणी नाही.

पट्टी कुठल्या लिपीत छापायची, हे लक्ष्मीप्रियाने मला विचारलं होतं. तमिळ म्हटलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण माझा ताठा आडवा आला. आई मराठी, गोधडी मराठी, मग नावही मराठीतच हवं.

पट्ट्या आल्या. पांढऱ्या फितीवर लाल अक्षरं. मी म्हटलं, वाचून दाखव. तिने माझं बोट धरलं आणि अक्षरांवरून सावकाश फिरवलं.

"व, सु, म, ती," ती म्हणाली. "आत्ते, हे तुझं नाव."

मला रडू आलं. तिनेच माझे डोळे पुसले.

मग मी एकेक पट्टी दुहेरी दोऱ्याने शिवली, जन्मात सुटू नये म्हणून. रोज सकाळी दारात रांगोळीचं कोलम घातल्यावर बाजूला तांदळाच्या पिठीने तीच अक्षरं काढू लागले. आधी पट्टी समोर ठेवून, मग हात बसला. समोरची वेंकूबाई म्हणाली, नक्षी छान आहे. मी म्हटलं, नक्षी नव्हे, ती मी आहे. असे सहा महिने गेले.

मग साताऱ्याचे एक मास्तर आले. जुनी मोडी कागदपत्रं पाहायला ते तंजावरला आलेले, यजमानांना देवळात भेटले आणि पिशव्या पाहायला घरी आले. दारातच थांबले, खाली पाहून कौतुकाने म्हणाले, लक्ष्मीप्रिया म्हणजे आपणच का? मी हसले. म्हटलं, ती माझी भाची, मद्रासला गेली आहे. मी वसुमती, आणि हे नाव माझंच आहे.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मी आतून हत्तीची पिशवी आणली आणि पट्टी उलटून त्यांच्यासमोर धरली.

"इथेही लक्ष्मीप्रियाच आहे, बाई," ते हळूच म्हणाले.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. मला लागला, आणि तोही साताऱ्याहून यावा लागला. मी त्यांना कॉफी दिली. जाताना त्यांनी एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत माझं नाव लिहून दिलं. मी ती कमरेला खोचली.

दोन दिवसांनी लक्ष्मीप्रिया आली ती दिल्लीच्या प्रदर्शनाची बातमी घेऊन. दुकानाने तिला निवडलं होतं. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली, पट्टी वर करून. तिला लगेच कळलं. मग तिने सगळं सांगितलं. परदेशी गिऱ्हाईक येतं, इंग्रजीत विचारतं, दुकानाला बोलणारी कारागीर हवी होती. ती एकदा, पिशव्या मीच करते, असं म्हणून बसली आणि मग मागे फिरता येईना. खरं सांगते, तिने तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि शेवटी जा म्हटलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मग मज तसं सांगायचं होतं," मी म्हटलं. "माझं बोट धरून खोटं कां वाचलीस?"

तिने पट्टी बोटाने झाकली.

"तू किती खूश झाली होतीस, आत्ते," ती म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुकान सोडा, दिल्लीही सोडा. सहा महिने ही मुलगी रोज सकाळी दारातलं ते नाव ओलांडून बस पकडायला जायची, पिठी पुसली जाऊ नये म्हणून साडी उचलून. मी आतून बघायचे आणि मला वाटायचं, पोर आत्तेच्या नावाला किती जपते. ती संध्याकाळी बापाकडे ओरत्तनाडूला गेली. मी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मांडीवर शिवायला घेतलेल्या नव्या हत्तीला डोळा घालायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सडा घातला, कोलम घातलं. हात आपसूक बाजूला वळला आणि जुनीच अक्षरं काढू लागला. मी ती तळव्याने पुसली. कमरेची चिठ्ठी काढून उंबऱ्यावर ठेवली, चिमटीत पिठी घेतली, आणि तिथेच अडले. मास्तर भले वाटले होते. पण लक्ष्मीप्रियाही मला भलीच वाटायची. चिठ्ठीत माझंच नाव आहे, हे कोणाकडून वाचून घ्यायचं? यजमानांना येत नाही, वेंकूबाईला येत नाही. आमच्या सगळ्या गल्लीत ते वाचू शकणारी एकच मुलगी होती, आणि तिला मीच शिकायला लावलं होतं.