जाळी बदलताना

खांबेटे सरांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्यानिमित्त गणिताचं एक नियतकालिक त्यांच्यावर विशेष अंक काढत होतं, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शोधनिबंधातली आकृती त्यात नव्यानं, रंगीत छापायची ठरली होती. आकृती काढणारा जुना प्रोग्राम माझ्याकडे होता, कारण तो मीच लिहिला होता. २००१ साली मी सरांकडे पीएचडी करत होते. आता सरांच्याच गणित विभागात शिकवते.

प्रोग्राम नव्या मशीनवर चालवायचं काम मी माझ्या विद्यार्थिनीला, संस्कृतीला दिलं. चौथ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मॅम, टोटल मॅच होत नाहीये."

"कसली टोटल?"

"मिठाची. स्टार्टला जेवढं टाकलं तेवढं एंडला नाहीये. मी तीनदा चेक केलं. माझंच काहीतरी चुकतंय ना?"

सरांचा निबंध मिठावर होता. चारही बाजूंनी बंद असलेल्या ओल्या मातीच्या थरात एका जागी मीठ टाकलं की ते पाण्याबरोबर पसरत जातं, थोडं मातीच्या कणांना चिकटतं. एका विशिष्ट प्रकारच्या मातीत ही पसरणारी कड ठरावीक अंतर गेल्यावर आपोआप थांबते, असं सरांनी दाखवलं होतं. ती थांबलेली कड म्हणजेच ती आकृती.

हे पसरणं सांगणारं समीकरण कागदावर सुटत नाही. मातीच्या थराचे हजारो त्रिकोण करायचे, प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर उत्तर काढायचं आणि वेळेत एकेक पाऊल पुढे जायचं, असं ते सोडवावं लागतं. सगळीकडे बारीक त्रिकोण घेतले तर त्या काळच्या मशीनला पेलत नसे. म्हणून जिथे कड आहे तिथे बारीक, जिथे काही घडत नाही तिथे मोठे. कड सरकली की जाळीही बदलायची. पुढचे त्रिकोण फोडायचे, मागचे जोडायचे. कुठे फोडायचे नि कुठे जोडायचे हे प्रोग्राम स्वतः ठरवतो, उत्तरात कुठे किती चूक असेल याचा अंदाज घेऊन. तो अंदाज घेण्याचं सूत्र सरांचं. त्यांचं नाव त्यासाठीच झालं.

पण जाळी बदलली की जुन्या जाळीवरचं उत्तर नव्या जाळीवर न्यावं लागतं, आणि ते नेणाऱ्या चाळीस ओळी माझ्या होत्या. चार लहान त्रिकोण जोडून एक मोठा झाला, की मी मोठ्याच्या तीन कोपऱ्यांवरचे आकडे ठेवत होते आणि मधल्या बिंदूंवरचे सोडून देत होते. त्या बिंदूंवर जास्तीचं मीठ असलं तर ते तिथेच नाहीसं होई. आधी एकूण मीठ मोजून, तेवढंच नव्या जाळीवर उतरेल असं गणित करायला हवं होतं. त्याला वेळ लागतो, म्हणून मी केलं नाही. एका बदलात दहा हजारांतला एखादा भाग जात होता. बदल झाले होते बाराशे. शेवटाला अकरा पूर्णांक तीन टक्के मीठ नव्हतं.

मी त्या चाळीस ओळी काढून नव्या लिहिल्या आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. कड थांबली नाही.

संस्कृतीला मी सांगितलं, "तुझं काही चुकलेलं नाही." ती खूश झाली.

मला वैजनाथ आठवत होता.

वैजनाथ परभणीहून आला होता. माझ्याच वर्षाचा, सरांचाच विद्यार्थी. सरांनी शुक्रवारच्या सेमिनारमध्ये हा निष्कर्ष पहिल्यांदा मांडला तेव्हा तो मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "सर, मातीला चिकटलेलं धरलं तरी बेरीज कमी यायलीय. बाजू तर बंद आहेत. मग ते जायलंय कुठं?"

सरांनी खडू खाली ठेवला. "परभणीला," ते म्हणाले. "पावणेपाचची गाडी असते."

अख्खा हॉल हसला. पुढे कित्येक महिने विभागात काही सापडेनासं झालं, डस्टर, कुणाचा डबा, कुणाची छत्री, की कोणीतरी म्हणे, "परभणीला जायलंय." वैजनाथही हसायचा. वर्षभरात त्यानं पीएचडी सोडली.

मी सरांना फोन केला. "चारला ये," ते म्हणाले. "आणि चारला म्हणजे चारला. साडेचारला फिजिओथेरपीवाला येतो माझे पाय ओढायला."

सर सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी पोचले तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायांवर शाल.

"रंग कोणते घेतलेत आकृतीला?" त्यांनी विचारलं. "मागच्या अंकात एकाची छापली होती. लग्नाच्या मांडवासारखी."

"सर, आकृती छापता येणार नाही."

मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले, जुना नि नवा, आणि मधोमध त्या चाळीस ओळी. त्यांनी भिंग घेऊन ओळी वाचल्या. घाई केली नाही. आलेखांवर बोट ठेवून ते दोनदा डावीकडून उजवीकडे गेले.

"कड थांबतच नाही म्हणजे."

"नाही सर."

"तेव्हा नीट का नाही नेलं उत्तर?"

"वेळ लागला असता. तुम्हाला परिषदेआधी हवं होतं." असं म्हणायला नको होतं, हे म्हणता म्हणताच कळलं.

"हवं होतं खरं," सर म्हणाले.

"या ओळी माझ्या आहेत. दुरुस्तीपत्रात मी तसं लिहिते."

"निबंधावर पहिलं नाव कोणाचं?"

"तुमचं."

"चोवीस वर्षं शाली मी घेतल्या. आता जोडे खायची वेळ आली तर तू कशाला पुढे? मी या ओळी वाचायला हव्या होत्या. वाचल्या नाहीत. तेवढं लिही." त्यांनी भिंग घडी करून केसमध्ये ठेवलं, केसचं बटण लागेना, ते मी लावून दिलं. मग ते म्हणाले, "तो एक मुलगा होता. त्यानं विचारलं होतं."

"वैजनाथ."

"वैजनाथ का? मला नुसती परभणीच आठवतेय." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तो विनोद मी निवृत्तीच्या भाषणातही केला होता ना?"

"हो सर."

"लोक हसले होते."

"हो."

"तू?"

"मीपण."

सरांनी मान हलवली. "कुठे असतो तो?"

"हडपसरला क्लास घेतो, बारावीचे."

"त्याला सांगायला हवं."

"तुम्ही फोन कराल? मी नंबर मिळवते."

"काय म्हणू?" त्यांनी खरंच विचारलं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "नाही जमायचं. तू जा."

जिना उतरताना मी ठरवलं, की दुरुस्तीपत्रावर वैजनाथचं नाव घालायचं. सर, मी आणि तो. आकृतीच्या जागी आता हे पत्रच अंकात जाणार होतं, आणि अंक छापायला जायला तीन आठवडे होते. जे चोवीस वर्षांपूर्वी त्याला मिळायला हवं होतं ते निदान छापील मिळेल. मला ते पुरेसं वाटत होतं.

हडपसरला गाडीतळाच्या मागच्या गल्लीत, मोबाइलच्या दुकानावर वैजनाथचा क्लास आहे. दोन बॅचच्या मध्ये तो मोकळा होता. केस बरेच पांढरे झाले होते, हातावर खडू होता.

"या मॅडम. चपला आत आणा. बाहेर ठेवल्या तर पोरं एक्स्चेंज करतात."

आम्ही शिकत असताना मी त्याला अरेतुरे करायचे, तो मला पहिल्यापासून तुम्ही म्हणायचा. आज मला तू म्हणवेना. बाकावर बसले आणि सगळं सांगितलं, जाळी, चाळीस ओळी, बाराशे बदल. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मी अर्ध्यात असतानाच तो पुढचं बोलू लागला होता.

"किती कमी आलं?"

"अकरा पूर्णांक तीन टक्के."

"मला अकरा पूर्णांक चार आलं होतं."

मला क्षणभर कळलं नाही. "कधी?"

"सेमिनारनंतर. पूर्ण थरावर एकसारखी बारीक जाळी घातली. बदलायची भानगडच नाही. लॅबच्या कोपऱ्यात ते मशीन होतं बघा, कुणी हात न लावणारं. नऊ दिवस चालवलं. वर पाटी लावली होती, बंद करू नये म्हणून. थांबत नव्हतं मॅडम मीठ. जातच होतं. मग माझ्या उत्तरातून सरांचं वजा केलं."

"सरांना दाखवलंत?"

"सरांना कुठून दाखवणार? तुम्हाला दाखवलं."

खाली दुकानात कुणीतरी फोनच्या रिंगटोन एकामागून एक वाजवून बघत होतं.

"मला?"

"पंचवीसेक पानं होती. तुमच्या टेबलावर ठेवली, वर चिठ्ठी लावून. आठवड्यानं तुम्ही मला एक कागद दिला. म्हणालात, एवढं इंटिग्रेशन बघ रे, बरोबर आहे का. मी बघितलं. मग कागद उलटा केला, तर माझं सतरावं पान."

एका बाजूला छापलेला कागद दिसला की आम्ही सगळेच त्याच्या पाठीवर कच्ची गणितं करायचो. कुणाचा कागद आहे हे कोणी बघत नसे. मी त्याला काही विचारायच्या आत तो म्हणाला, "बरोबर होतं तुमचं इंटिग्रेशन. तसं सांगितलं मी."

"तुम्ही बोलला का नाहीत काही?"

"काय बोलायचं? चिठ्ठी लावली होती की." त्यानं हातावरचा खडू झटकला. "सरांच्या बोलण्याचं काही नव्हतं हो. ते सगळ्यांनाच बोलायचे. आमच्याकडं त्याहून वाईट बोलतात. मला वाटलं होतं, तुम्ही बघाल."

मी आठवून पाहिलं. माझं टेबल आठवलं, त्याचा हलणारा पाय, त्याखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी. खिडकीतला कुंडीतला कोरफडीचा कोंब आठवला. पंचवीस पानांचा गठ्ठा आठवला नाही. चिठ्ठी आठवली नाही. त्याच्या हातात दिलेला कागदही नाही. ज्यानं त्याचं आयुष्य वळलं त्याचा माझ्याकडे कुठे ओरखडाही नव्हता.

"वैजनाथ, दुरुस्तीपत्रावर तुमचं नाव घालायचं आहे," मी म्हटलं. "हे उत्तर तुम्ही तेव्हाच काढलं होतं, असं स्पष्ट लिहून. म्हणूनच मी आले."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि त्याला ते हवं आहे हे मला कळलं.

"कागद नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला. "खोली सोडली तेव्हा रद्दीत गेले. फ्लॉपी होती, तिला बुरशी लागली. कशावर लिहिणार?"

"मी लिहीन. मी ते पाहिले होते म्हणून."

"पाहिले होते का?"

मी समोरच्या फळ्याकडे पाहिलं.

"आठवतंय का तुम्हाला, तेवढं सांगा. आठवत असेल तर लिहा."

हो म्हणता आलं असतं. कोणी तपासणारं नव्हतं. सरांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो स्वतः ऐकायला बसला होता. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द मला माझा म्हणून सापडेना. जे माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मी वाचलंच नाही, त्याची साक्ष मी कशी देणार होते?

"नाही," मी म्हटलं.

"मग कसं लिहिता?" तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. एखाद्या मुलाच्या वहीत मधली पायरी नसली तर विचारतात, तसं त्यानं विचारलं.

जिन्यावर पावलं वाजू लागली. पुढची बॅच आली होती. तो उठला, फळा पुसू लागला. मीही उठले, चपला हातात घेतल्या.

"सेमिनारमधला तुमचा प्रश्न आठवतोय मला," मी त्याच्या पाठीला म्हटलं. "शब्दन् शब्द. मी हसले होते म्हणून आठवतोय."

फळा पुसून झाला तरी तो वळला नाही. "तेवढं लिहा मग," तो म्हणाला. "हसल्याचं सोडून."

दुरुस्तीपत्र दीड पानांचं झालं. वर सरांचं नाव आणि माझं. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: एकूण मिठाची बेरीज जुळत नसल्याचा प्रश्न वैजनाथ यांनी २००१ साली विभागाच्या सेमिनारमध्ये उपस्थित केला होता, त्याचं उत्तर तेव्हा दिलं गेलं नाही. सरांनी ते वाचून खाली सही केली. सही दोन ठिकाणी थरथरली होती, म्हणून त्यांनी दुसरा कागद मागून पुन्हा केली.

अकरा पूर्णांक चार हा आकडा मी घातला नाही.

छापायला देण्याआधी मसुदा वैजनाथला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं उत्तर आलं. "बरोबर आहे," एवढंच. वाक्याबद्दल म्हणत होता की न घातलेल्या आकड्याबद्दल, हे मी विचारलं नाही.