आधी बोटं दुखतात

"मांडी नक्को, अनंतराव, मांडी नक्को! तंबोरा न्हाय हा. स्टुलावर बसा," गार्डसाहेब ओसरीवरून ओरडले.

हे उठले. आमच्या घरात स्टूल एकच, आणि त्यावर पाण्याची घागर. मी मुकाट्यानं घागर खाली घेतली आणि स्टूल पुसून दिलं. नवऱ्यानं चाळिशीला आल्यावर गिटार शिकायला घेतली, तर बायकोनं दुसरं काय करायचं असतं?

आम्ही तेव्हा नांदेड स्टेशनामागच्या रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस. रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही. हे पार्सलबाबू. दिवसभर आंब्याच्या करंड्या, कापडाचे गठ्ठे आणि कोंबड्यांची खुराडी यांच्यात उभे असायचे. माणूस इतका गरीब, की पार्सल फुटलं तर स्वतःच आधी ओशाळायचे. छंद असा कुठला नाही. पान नाही, पत्ते नाहीत. आणि एक दिवस सरळ गिटार.

ती गार्डसाहेबांची जुनी. गार्डसाहेब मूळचे गोव्याचे ख्रिस्ती, पण निजामाच्या रेल्वेत इतकी वर्षं काढलेली, की त्यांच्या बोलण्याची पार खिचडी झाली होती. त्यांची मालगाडी नांदेडला आली, की परतीची गाडी मिळेपर्यंत ते मोकळे असायचे. मग आमच्या ओसरीवर चहाला येत. त्यांनी नवी गिटार घेतली, तेव्हा जुनी ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी तिला आधी नमस्कार केला. मग मला म्हणाले, "अगं, हळदीकुंकू आण."

गार्डसाहेबांना हसू आवरेना. पण कुंकू लावून झाल्यावर त्यांनीही हळूच हात जोडले.

ह्यांच्या मनात काय होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं. मी महालक्ष्म्यांपुढे दरवर्षी एक गाणं म्हणायचे. आमच्या आईनंच जुळवलेलं, साधं, चार ओळींचं. ह्यांना त्याला साथ करायची होती.

"तुझ्या गाण्याला कधी कोणी साथ केलीच न्हाई," हे म्हणाले. "यंदा करून पाहू."

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. मला असं काही कोणी म्हटलं नव्हतं. मी लाजून भाकरी करपवली.

शिकवणी ओसरीवर, आणि मी आत चुलीपाशी. त्यामुळे ह्यांच्याआधी माझंच सगळं पाठ झालं. डाव्या हाताची नखं कापायची, उजव्या हाताची जरा ठेवायची. अंगठा दांड्याच्या मागं टेकवायचा, वर काढायचा नाही. पितळी पट्टीवर बोट ठेवायचं नाही, तिच्या अलीकडे लगटून ठेवायचं. मग जोर कमी लागतो. घाई करायची नाही. बोटं बदलताना आधी मनात बदलायची, मग दांड्यावर. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या, नाहीतर घामानं गंजतात.

आणि गार्डसाहेबांचं एक वाक्य तर ठरलेलंच. "आधी बोटं दुखतात. मग फोड येतात. मग कातडी पक्की होते. दुखणं बंद झालं का समजायचं, हात तयार झाला."

शेजारच्या क्वार्टरात पार्वतम्मा राहायच्या, पॉइंट्समनच्या घरच्या. त्या भिंतीवरून विचारायच्या, "अक्का, काय चालू हाय? मांजर दाबून राहिले का काय?"

"हाव," मी म्हणायचे. "रोज एक."

आमची कुसुम तेव्हा सात वर्षांची. ती कानांत बोटं घालून ओसरीच्या पायरीवर बसायची, पण तिथून हलायची नाही.

पहिल्या महिन्यात ह्यांच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला फोड आले. जेवताना डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलायचे तो सुद्धा तोंड वाकडं करून. पण शेवटच्या दोन बोटांना काही झालं नाही. अनामिका आणि करंगळी अगदी नामानिराळी. हे कौतुकानं ती बोटं मला दाखवायचे.

"ही दोन पोरं गुणी निघाली बघ. कुरकुर न्हाई, काही न्हाई. डायरेक पक्की."

गार्डसाहेब मात्र त्याच दोन बोटांवर चिडायचे. करंगळी वेळेवर उठायची नाही, उठली तर तारेवर जोर धरायची नाही, नुसती आकसून बसायची. "आळशी बोट हाय! काम द्या तिला, काम!" ते म्हणायचे. हे मग पार्सल ऑफिसात टेबलावर करंगळी आपटत बसायचे. मालाच्या पावत्या मागायला आलेले लोक चकित व्हायचे.

अशा तयारीनं महालक्ष्म्या आल्या. मी पुरणपोळीचा स्वयंपाक केला, मुखवट्यांना दागिने घातले, फुलोरा बांधला. पार्वतम्मा आल्या. गार्डसाहेब धुतलेला शर्ट घालून आले आणि आत न येता ओसरीवर उभे राहिले. हे स्टुलावर बसले. मी गाणं धरलं.

पहिल्या दोन ओळी झाल्या. माझ्या अंगावर काटा आला. आईचं गाणं इतकं चांगलं आहे, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या ओळीला करंगळी लागायची होती. ती उठलीच नाही. तार भसकन बोलली, हे थांबले, मी थांबले आणि सगळे हसले. हेही हसले.

"पुढच्या वर्षी," हे म्हणाले.

मग आरती झाली. मी निरांजनाचं तबक फिरवत ह्यांच्यापुढे आले. ह्यांनी दोन्ही हात ज्योतीवर धरले आणि मान वळवून गार्डसाहेबांना काहीतरी सांगू लागले, करंगळीबद्दलच. ज्योत डाव्या हाताच्या कडेला लागली होती. हे बोलतच होते. मला केस जळल्याचा वास आला, तेव्हा मी तबक मागं ओढलं.

हाताची बाहेरची कड लाल झाली होती. ह्यांनी ती पाहिली आणि त्यांनाच नवल वाटलं.

"वा, अनंतराव!" गार्डसाहेब टाळी वाजवून म्हणाले. "आता आगीला भी हटत न्हाय! हात तयार झाला!"

पुन्हा सगळे हसले. मी तबक देवापाशी ठेवलं. प्रसाद वाटला. पानं मांडली. सगळं करताना डोक्यात एकच होतं. तार लागते ती बोटाच्या टोकाला. कातडी पक्की व्हायची तर तिथं. हाताच्या कडेला तार कधी लागली?

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून आडवे झाले. मी रिळातली सुई काढली आणि ह्यांच्या डाव्या हाताच्या कडेला टोचली. हे घोरत होते. करंगळीला टोचली. रक्ताचा थेंब आला, पण हे घोरतच होते. मनगटावरून वर गेले. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. आम्ही त्याला शिबं समजून तुळशीचा रस लावत होतो. तिथं टोचली. काही नाही.

मग उजव्या हाताला टोचली.

"अगं! काय करून राहिलीस?" हे ताडकन उठून बसले.

मी सुई दाखवली आणि दुसऱ्या हातावरचे लाल ठिपके दाखवले. सांगावं लागलं नाही. निजामाच्या मुलखात हा रोग माहीत नाही असं कोण होतं? स्टेशनाच्या दाराशी बोटं झडलेले लोक बसलेले असत, आणि हे रोज त्यांना चुकवून आत जात.

हे बराच वेळ हात उलटासुलटा करून बघत राहिले.

"मग हे गिटारीनं न्हाई झालं?"

"न्हाई."

"मला वाटलं, मला जमून राहिलं," हे म्हणाले.

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मला काहीच झालं नाही. मी स्वयंपाक करत होते, मीठ बरोबर पडत होतं. कुसुमची वेणी घालत होते. कोणी काही विचारलं तर उत्तर देत होते. पण ते सगळं दुसरीच कोणी बाई करत होती आणि मी तिच्याकडे लांबून बघत होते.

गार्डसाहेबांना ह्यांनी स्वतः सांगितलं. ते टोपी हातात घेऊन बसले. आळशी बोट म्हणालो, आळशी बोट म्हणालो, असं पुटपुटत राहिले. मग म्हणाले, "डिचपल्लीला मोठा दवाखाना हाय. माझी गाडी तिथूनच जाते. तेलाच्या सुया देतात. लई लोकांना बरं वाटतं, वैनी."

लोकांना आम्ही सांगितलं, की ह्यांना पोटाचा विकार आहे. क्वार्टर सोडायचं ठरलं. लातूरहून धाकटे दीर, वसंतराव, मला आणि कुसुमला न्यायला आले. त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांनी भावाला लांबूनच नमस्कार केला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरी तान्हं मूल होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी गिटार घेतली. करंगळी लागणार नाही अशी तिसरी ओळ त्यांनी बसवली होती. कधी, कोण जाणे. "म्हण," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि गाण्याशिवायच चारही ओळी शेवटपर्यंत वाजवल्या. एकही चूक झाली नाही.

सकाळी गार्डसाहेबांनी ह्यांना आपल्याच डब्यात घेतलं, म्हणजे उतारूंनी बघायला नको. हे डावा हात कोटाच्या खिशात घालून दारात उभे होते.

"तारा ढिल्या करून ठेव," हे मला म्हणाले. "न्हाईतर दांडा वाकतो. आणि ओलीत ठेवू नको."

गाडी हलली. कुसुम हात हलवत होती. ह्यांनी उजवा हात वर केला.

वसंतराव गिटारीकडे बघून म्हणाले, "वहिनी, ही इथंच राहू द्या. त्यांच्या हाताखालची वस्तू."

"भाऊजी, मी पण त्यांच्या हाताखालचीच हाय," मी म्हटलं. मग त्यांनी बाकीचं सामान उचललं.

लातुरात आम्हाला मागच्या अंगाला एक खोली मिळाली. ताटं वेगळी, आंघोळीचं घंगाळ वेगळं. डिचपल्लीहून अधूनमधून निरोप यायचा: औषध चालू आहे, हात तसाच आहे. मी कुसुमला गिटार शिकवायला घेतली. जाऊबाईंना वाटलं, माझं डोकं फिरलं. आळीत लोक हसले. नवरा दवाखान्यात आणि ही बाई पोरीला वाजवायला शिकवते!

मला कशाला येत होती गिटार? मी फक्त ऐकलेलं सांगायचे. नखं काप. अंगठा मागं. पट्टीच्या अलीकडे दाब. आणि एक मी माझ्या पदरचं विचारायचे.

"दुखतं का?"

"हाव आई, लई दुखतं," कुसुम डोळ्यांत पाणी आणून म्हणायची.

"चारही बोटं?"

"चारही."

"बरं," मी म्हणायचे, आणि मग मला चूल पेटवायचं बळ यायचं. ती झोपली असताना सुई घेऊन बसायची हिंमत मला पुन्हा झाली नसती. हे बरं होतं. रोज दुपारी पोर कळवळायची आणि मी निश्चिंत व्हायचे. तिला वाटत असेल, आई किती निष्ठुर. वाटू दे.

थंडी सरता सरता एका दुपारी कुसुम धावत आत आली. तिनं डावा पंजा माझ्या नाकापुढे धरला. चेहरा नुसता फुलला होता.

"आई, आता दुखत न्हाई! एक बी बोट दुखत न्हाई!"

माझ्या हातातलं पीठ खाली सांडलं. मी तिचा हात धरला, भिंतीवरच्या रिळातून सुई ओढली आणि हाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, तार कधीच लागत नाही तिथं टोचली.

कुसुम अशी किंचाळली, की जाऊबाई दारात आल्या. पोरीनं हात हिसकावून घेतला आणि तोंडात धरला. "आई गं! कामून टोचलीस? मी काय केलं?"

"काही न्हाई केलंस," मी म्हटलं. "हात तयार झाला तुझा."

मी सुई रिळात खोवली. जाऊबाई गेल्या. कुसुम हुंदके देत स्टुलावर जाऊन बसली आणि रागानं मुद्दाम जोरात वाजवू लागली. वडिलांकडून पायरीवर बसून ऐकलेलं, तेच. तिसरी ओळ तिनं करंगळी लावून वाजवली.

मी सांडलेलं पीठ गोळा करत होते. चौथ्या ओळीला माझ्याच तोंडून गाणं येत होतं, ते मला कुसुम वळून बघायला लागली तेव्हा कळलं.