शंख वाजला की पाझरणारा दगड

शंख वाजला की दगड पाझरायचा आणि समोरची माणसं हात जोडून रडायची. लोहगडवाडीपासून खंडाळ्यापर्यंतचे लोक बाटल्या घेऊन आमच्या डोंगरावर लोटले होते.

मी हनुमंत. इथलं जुनं बौद्ध मंदिर उकरायला पुरातत्त्ववाले आले, तेव्हा त्यांच्याकडे मी खोरं चालवत होतो. भोक पडलेला एक काळा दगड मातीतून वर आला आणि मी मूर्खासारखा त्याला शेंदूर फासला. आमच्याकडे नांगराला लागलेल्या दगडालाही फासतात. खोदकाम सांभाळणाऱ्या प्रेरणाताई चिडल्या, पुसून टाक म्हणाल्या. कोण पुसतंय! आठवड्याभरात तिथं एक महाराज येऊन बसला आणि गर्दीपायी खोदकाम बंद पडलं.

देव दोन हजार वर्षं तहानलेला होता म्हणे. तहानलेला देव लोकांना पाणी पाजतो कसा, हे विचारायची अक्कल आमच्यात एकालाही नव्हती. हे तीर्थ प्यालं की आजार जातो, पण सुई टोचलेल्या अंगात ते उतरत नाही, असंही महाराज सांगायचा.

माझ्या आईला, कस्तुराबाईला, साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई लागायची. ती बंद झाली. नवव्या दिवशी आई बेशुद्ध पडली, तळेगावला दवाखान्यात नेली. अकराव्या दिवशी ती गेली.

सुतक फिटल्यावर, दगडात पाणी येतं कुठून ते शोधायला, मी हळदीची पुडी आणि प्रेरणाताईंना घेऊन कड्यावर चढलो. तिथं भिक्षूंनी खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. देवळात येणाऱ्याला प्यायला पाणी मिळावं म्हणून त्यांनीच टाक्यापासून त्या दगडापर्यंत नळी कोरली होती. नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला आणि शेजारी महाराजाचा चेला. आम्हाला बघताच तो पळाला. खाली शंख वाजला. ताईंनी पाण्यात हळद कालवली, मी बोळा उपसला.

खाली देव पिवळाधमक पाझरला. महाराज म्हणाला, कोप झाला. मी तो बोळा घेऊन खाली उतरलो आणि लोकांना टाकं दाखवायला वर नेलं. तोवर महाराजाची गाडी गेली होती.

शेजारची धोंडामावशी बाटली पोटाशी धरून म्हणाली, "तुजी आई तशीबी जायचीच हुती रं. वय झालं हुतं."

"न्हाई मावशी. सुई चालू असती तर ती आज हितं असती."

बाबांनो, चमत्कार दिसला तर आधी तपासा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. घरात शिकलेला मी एकटाच. आईनं मला विचारलं होतं, "सुई बंद करू का रं?" मी व्हय म्हणालो.