वेन्डेल कोणत्या खणात बसतो

वेन्डेल क्रूगरचा योद्धा खोटं बोलला आणि तिथून घोळ सुरू झाला.

आम्ही चौघं दर शनिवारी दुपारी गॉर्डी प्रिलच्या बेकरीवरच्या खोलीत खेळायला जमायचो. साल एकोणीसशे ऐंशी, गाव विस्कॉन्सिनमधलं, तळ्याकाठचं. गॉर्डी एक वाजता दुकान बंद करून, कपाळावरचं पीठ तसंच ठेवून वर यायचा. खेळ चालवायची रॉझलिन हॉगन, आमच्या वाचनालयातली. म्हणजे जंगलं, गुहा, राक्षस सगळं तिच्या डोक्यात. आपण आपलं पात्र घेऊन त्यात शिरायचं, काय करणार ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. मी शाळेची बस चालवते. आठवडाभर चाळीस पोरांना गप्प बसवल्यावर शनिवारी मला चोरटी व्हायला फार आवडायचं.

चौथा वेन्डेल. तो सरकारी शिकार-निरीक्षक. हरणांच्या हंगामात कोणी परवान्याशिवाय बंदूक उडवली की हा झाडामागून उगवलाच म्हणून समजा.

या खेळात प्रत्येक पात्राचा कल आधीच कागदावर लिहावा लागतो. त्यासाठी रॉझलिननं भिंतीवर नऊ खणांचा तक्ता लावला होता. आडव्या रांगेत नियम पाळणारा, अधलामधला आणि मन मानेल तसं वागणारा. वरून खाली भला, अधलामधला आणि दुष्ट. गॉर्डीचा जादूगार दोन्हीकडून अधलामधला. "कुंपणावर बसलं की दोन्हीकडचं दिसतं," असं तो म्हणायचा. वेन्डेलचा व्रतस्थ योद्धा मात्र अगदी वरच्या कोपऱ्यात: नियमाचा आणि भला. तो खोटं बोलणार नाही, शब्द मोडणार नाही, आणि त्या बदल्यात देवानं त्याच्या हातात जखमा भरायची ताकद दिलेली.

तर त्या शनिवारी आमची टोळी एका गुहेत ठेंगू राक्षसांच्या पाच पिल्लांपाशी पोचली. बाहेर राजाचे शिपाई. राजाचा हुकूम होता, राक्षसजात दिसली की कापायची. सरदारानं विचारलं, "आत काही आहे?"

वेन्डेलनं बराच वेळ फासा हातात घोळवला. मग म्हणाला, "सांगतो, आत कोणी नाही."

"नक्की?" रॉझलिननं विचारलं.

"नक्की. ती पिल्लं आहेत."

रॉझलिननं नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. "व्रत मोडून राजाच्या माणसाशी खोटं. तुझा योद्धा आता नियमाचा राहिला नाही. हातातली ताकद गेली."

"पण मी चांगलंच केलं ना?"

"भला आहेसच. नियमाचा नाहीस."

"पिल्लं कापून भला राहिलो असतो?"

"नाही," रॉझलिन म्हणाली. मग तिचाच चेहरा पडला. "म्हणजे... थांब, पुन्हा वाचते."

तासभर वाद चालला. शेवटी गॉर्डी म्हणाला, "आपण आपलेच खण लिहू या की! प्रत्येकानं इतरांबद्दल लिहायचं, आपलं नाव न घालता, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील अक्षरात. तक्त्यात काही दम आहे का ते तरी कळेल."

तेवढ्यात वेन्डेलची बायको बर्निटा भोपळ्याच्या वड्यांचं ताट घेऊन आली. ती खेळायची नाही, पण गॉर्डीनं तिच्याही हातात कागद-पेन्सिल दिली. तिनं तक्त्याकडे पाहिलं, लिहिलं, आणि कागद घडी करून गॉर्डीच्या टोपीत टाकला. ताट टेबलावर ठेवून ती निघून गेली.

चिठ्ठ्या वाचताना आम्ही खूप हसलो. मला दोघांनी नियमाची ठरवलं, म्हणजे माझ्या चोरटीची अब्रूच गेली. वेन्डेलबद्दल चार चिठ्ठ्या. नियमाचा आणि भला. नियमाचा आणि भला. नियमाचा आणि भला. चौथी गॉर्डीनं उघडली आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

नियमाचा आणि दुष्ट.

"कोणी तरी चेष्टा केली," गॉर्डी म्हणाला.

वेन्डेलनं ती चिठ्ठी खिशात घातली.

सोमवारी सकाळी तो बसच्या आवारात हजर. "आर्लिस, खरं सांग, तू लिहिलंस?"

"वेडा आहेस का?"

"तुझ्या भावाला मी बदकांच्या शिकारीत पकडलं होतं."

"पकडलंस ते बरं केलंस, गाढव आहे तो."

तो बसच्या पायरीवर बसला. "दुष्ट म्हणजे काय गं नक्की? मी कोणाला त्रास दिला तर तो काम म्हणून. मला त्यात मजा नाही येत. येते का? तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. मला साडेसातला पहिला थांबा गाठायचा होता. त्यानं नंतर गॉर्डीला गाठलं, रॉझलिनला वाचनालयात गाठलं. दोघांनी शपथा घेतल्या. मग चिठ्ठी लिहिली कोणी? बायकोचं नाव त्याच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर आमच्या आलं होतं, पण बोलणार कोण?

पुढच्या शनिवारी फासे टेबलावर पडायच्या आतच त्यानं विचारलं, "आज कोणी तरी सांगा. मी रागावणार नाही."

दारात बर्निटा वड्यांचं ताट घेऊन उभी होती. "मी लिहिलं," ती म्हणाली.

"तू?"

"बाबांच्या त्या हरणीनंतर."

ती गोष्ट गावाला ठाऊक होती, पण वेगळ्या सुरात. बर्निटाचे वडील, एमिल झास्ट्रो. फुप्फुसं संपलेली, चार पावलं टाकली की धाप. एकाहत्तर साली हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यामागे आलेली हरणी मारली. वेन्डेलनं सासऱ्यावर गुन्हा नोंदवला आणि त्यांची बंदूक जप्त केली. एमिल पुढच्या मार्चमध्ये गेले. गावात लोक अजून कौतुकानं सांगायचे, या माणसानं सासऱ्यालाही सोडलं नाही म्हणून.

"तू म्हणाली होतीस, तुझं काम कर," वेन्डेल म्हणाला.

"म्हणाले होते. आणि तू केलंस."

"मला वाटलं, तुला पटलंय."

"मलाही तसंच वाटत होतं. नऊ वर्षं."

"मग दुष्ट का लिहिलंस?"

बर्निटा खुर्चीत बसली. "मला नाही माहीत, वेन्डेल. तक्ता बघितला आणि हात आपोआप तिथे गेला. खोडणार होते, तर यानं टोपी पुढे केली."

गॉर्डीनं मान खाली घातली. रॉझलिन घाईनं पुस्तक चाळू लागली. "यात दुष्टाची व्याख्या अशी आहे की दुसऱ्याच्या दुःखात ज्याला..."

"रॉझलिन, ते मिट," मी म्हणाले. तिनं मिटलं.

"सोडलं असतं तर?" वेन्डेलनं विचारलं. "त्यांना सोडलं असतं, तर चाललं असतं तुला?"

बर्निटानं विचार केला. खरंच केला, आम्हाला दिसत होतं. "नाही. गाव म्हणालं असतं, हा नातं बघून सोडतो. मला ते सोसलं नसतं."

"मग मी करायचं काय होतं?"

"ते कळलं असतं, तर मी तेव्हाच नसतं का सांगितलं?"

त्या दिवशी खेळ झाला नाही. वड्या खाल्ल्या आणि घरी गेलो.

वेन्डेलला मात्र काही तरी करायचंच होतं. सासऱ्याची बंदूक परत मिळेल का, म्हणून त्यानं वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, बंदूक तेव्हाच लिलावात गेली. मग त्यानं महिनाभर जुने कागद उपसून ती घेणारा माणूस शोधला. दोन तासांवर राहणारा, कारखान्यातून निवृत्त झालेला ऑर्विल नावाचा म्हातारा. एका रविवारी चर्चनंतर नवराबायको तिकडे गेले.

पुढचं वेन्डेलनं मला बसमध्ये बसून सांगितलं. म्हातारा मोठा गोड होता. त्यानं कॉफी दिली, बंदूक आणून बर्निटाच्या मांडीवर ठेवली. तेल लावून लखलखीत ठेवलेली. "तुमची असेल तर घेऊन जा. पण रोज सकाळी पुसतो मी हिला," असं म्हणाला.

बर्निटानं लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "नाही. ही आमच्या बाबांची नव्हे."

"आर्लिस, तीच होती," वेन्डेल म्हणाला. "नंबर माझ्या खिशातल्या कागदावर होता. मी बंदुकीवरचा वाचला. एकूण एक आकडा जुळत होता."

"मग बोलला नाहीस?"

"नाही. मीही म्हटलं, नव्हे. परतताना तिनं गाडीत रेडिओ लावला. गुणगुणत होती. आता ती खूश होती की रडायच्या बेतात होती, ते मला कळलं नाही. तिला ओळखू आली नाही, की मुद्दाम सोडून आली? विचारू का तिला?"

"विचार."

"आणि ती म्हणाली, खरंच ओळखली नाही, तर? मग मी नंबर लपवला असं होईल."

"मग नको विचारूस."

"पण ती माझ्या विचारण्याची वाट बघत असली तर?"

वाजले होते सात वीस. मी त्याला म्हटलं, ऊठ, मला निघायचंय. तो उतरला, दार लागल्यावर त्यानं पुन्हा काचेवर ठोठावलं, काही तरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.