भार्गवी टीचरची शेवटची बातमी

मी एक जुना फळा आहे मित्रांनो, आणि सध्या शाळेच्या स्वयंपाकघरामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. वर्गात शिक्षा झालेल्या मुलाला निदान तास संपला की बसायला सांगतात. मला कोणी सांगत नाही. माझ्या आडोशाने सरपण कोरडं राहतं, तेवढाच माझा उपयोग.

माझा जन्म फणसाच्या लाकडाचा. पुळिक्कडव गावच्या या शाळेत, कालव्याच्या काठी, मला फाटकाशी टांगलं होतं. दर ओणमआधी मुलं करवंटीचा कोळसा आणि तोंडलीचा पाला वाटून मला नव्याने काळं करायची. त्यांची नाकं आणि सदरेही काळे व्हायचे, मग घरी बोलणी खायची. माझ्यावर गणितं नसायची. माझ्यावर शाळेची माणसं असायची. कोणत्या माषची, म्हणजे मास्तरांची, बदली झाली, कोणत्या टीचरला मुलगी झाली, कोणता जुना विद्यार्थी नौदलात लागला, कोण तापाने पडलंय.

हे सगळं लिहायच्या भार्गवी टीचर. अक्षर टपोरं, जीभ तिखट. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय त्या खडू उचलत नसत. सहावीतल्या बिजोयला कावीळ झाली, तेव्हा तो गेलाच अशी आवई उठली होती. टीचर भर पावसात होडीने पलीकडे गेल्या आणि परत येऊन ओल्या साडीनिशी लिहू लागल्या: 'बिजोय बरा आहे. भात मागतोय. भेटायला जा.' सगळा वर्ग होड्यांत बसून गेला. तो दिवस मला फार आवडतो.

पुढे टीचर निवृत्त झाल्या. बातम्या मोबाईलवरच्या गटांत गेल्या आणि फाटकावर गुणवंतांचे रंगीत फ्लेक्स आले. मला काढून इथे आणून ठेवलं. मी फार कुरकुर केली नाही. जुन्याला जागा सोडावी लागते, हे मला कळत होतं.

मग तो शुक्रवार आला. आमच्याकडे कोणी गेलं की गल्लीच्या तोंडाशी काळं निशाण बांधतात, येणाऱ्यांना घर सापडावं म्हणून. आखातातून सुट्टीवर आलेल्या बिजोयला गाडीतून जाताना टीचरच्या गल्लीशी निशाण दिसलं. त्याने गाडी थांबवली, पण उतरला नाही. बसल्या बसल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर लिहून टाकलं, 'आपल्या भार्गवी टीचर गेल्या.' खरं तर गेले होते त्याच गल्लीतले ताडी काढणारे वासू आजोबा.

सकाळी फाटकावर टीचरच्या फोटोचा फ्लेक्स लागला. खाली माजी विद्यार्थी समितीचे फोटो, टीचरच्या फोटोहून मोठे. प्रार्थनेनंतर सगळी शाळा डोकी खाली घालून उभी राहिली. ओमना, आमची स्वयंपाकीण, चवळी ढवळताना डोळे पुसत होती.

दुपारी छत्री टेकत भार्गवी टीचर मागच्या दाराने आल्या. ओमनाच्या हातातला डाव पडला.

"अगं आई गं! टीचर, तुम्ही?"

"ओरडू नकोस. मेलेल्या बाईला घोटभर चहा मिळेल का?"

हेडमास्तर सुगतन माष धावत आले. तेही टीचरचेच विद्यार्थी.

"टीचर, घोटाळा झाला हो. बिजोयनं टाकलं आणि सगळ्यांनी पुढं ढकललं."

"आणि तू रे सुगता? माझं घर काय समुद्रापलीकडं आहे?"

"गल्लीत निशाण होतं ना..."

"निशाण दिसलं की माणसं गल्लीत शिरतात. तुम्ही फ्लेक्स छापायला पळालात."

माष घाम पुसत म्हणाले, "टीचर, उद्या रविवारी मेळावा आहे. तुमच्या स्मरणार्थ वाचनालयाचं ठरलंय, पाहुणे यायचेत. तेवढा पार पडेपर्यंत... जरा घरातच राहाल का?"

"म्हणजे उद्यापर्यंत मी मेलेलीच राहायचं."

"तसं नाही हो. समजून घ्या ना."

"घेतलं. खडू दे."

ओमनाने मला फिरवलं. टीचरने पदराने माझं तोंड पुसलं. कित्येक वर्षांनी कोणाचा हात माझ्यावर फिरला, मला रडू आलं. त्यांनी लिहिलं: 'भार्गवी टीचर जिवंत आहे. उद्या पायसम करणार आहे. भेटायला या.'

"फाटकाशी लाव," त्या म्हणाल्या.

"लावतो," माष म्हणाले. टीचरची छत्री दिसेनाशी झाली आणि माषनी मला पुन्हा भिंतीकडे वळवलं.

रविवारी इथवर सगळं ऐकू आलं. "टीचर माझ्यासाठी पावसात होडीने आल्या होत्या," बिजोय कर्ण्यावरून म्हणाला आणि हुंदके देऊन रडला. टाळ्या पडल्या. संध्याकाळी टीचरकडे गेली ती एकटी ओमना. सोमवारी तांदूळ निवडताना मदतनीस बाईला म्हणाली, "भांडं भरून पायसम, आणि खायला मी एकटी. टीचर सारख्या दाराकडं बघत होत्या गं."

नंतर गटावर खुलासा झाला म्हणे. सगळे पोट धरून हसले.

पुढच्या पावसाळ्यात भार्गवी टीचर खरोखर गेल्या. ओमना माषकडे सांगायला गेली, तर ते म्हणाले, "आता पुन्हा काय लावायचं? लोक हसतील." गल्लीच्या तोंडाशी काळं निशाण फडफडत होतं. बिजोय तेव्हाही सुट्टीवर होता. निशाण बघून म्हणाला, "या खेपेला मी नाही फसायचो," आणि गाडी पुढे नेली.

मित्रांनो, माझं काय, मला वाळवी खाईल. पण तुमच्या एखाद्या टीचर कुठल्या गल्लीत राहत असतील, तर निशाणाची वाट बघू नका. चालत जा आणि दार वाजवा.

माझ्यावर आजवर एकही खोटी बातमी नव्हती. आता आहे. टीचर जिवंत आहेत असं माझ्या अंगावर अजून लिहिलेलं आहे, आणि ते पुसायलासुद्धा कोणी येत नाही.